जहाजी इंजिनास चालना देणारी हवा
पनवेलनजीक न्हावा येथे ‘रहमान’ हे नाविक विद्यालय आहे. अशा विद्यालयांच्या परिभाषेत ‘बाटली’ म्हणजे सुमारे ३० बार दाबाने हवा कोंडलेली पोलादी टाकी होय. ही हवा क्रमाने सिलिंडरांत सोडून दट्टे ढकलतात; वेग येताच इंधन देतात.

टाकीचे आकारमान मात्र एका आरंभावरून ठरत नाही. उलट फिरणाऱ्या इंजिनास ती पुन्हा न भरता सलग १२ आरंभ पुरावी, इतरांस ६, असा दंडक आहे. कारण, धक्क्यास लागताना मागे जावयाचे तर तसले इंजिन थांबवून उलट दिशेने नव्याने सुरू करावे लागते; ऐन खाडीत हवा संपली, तर जहाज प्रवाहाच्या स्वाधीन!

गळक्या झडपेतून तप्त वायू नळीत शिरल्यास तेथे साचलेले तेल पेटून स्फोट होतो. म्हणून ज्वालारोधक बसवितात.