चेक इंजिनचा दिवा लागला म्हणून लगेच कॅनिस्टर बदलू नका

अमेरिकेत १९९६ पासूनच्या गाड्यांना ओबीडी-२ ही स्वतःचे दोष ओळखणारी प्रणाली सक्तीची आहे, त्यामुळे साधा स्कॅनर लावला की पी०४५५ किंवा पी०४४२ असा कोड घरीच कळतो. पण कोड बिघडलेला भाग सांगत नाही, पेट्रोलच्या वाफा अडवणाऱ्या यंत्रणेत गळती आहे एवढंच सांगतो. म्हणून आधी टाकीचं झाकण, मग वाफा इंजिनकडे सोडणारा पर्ज व्हॉल्व्ह आणि वाफा साठवणारा महागडा कॅनिस्टर शेवटी, हाच क्रम शहाणपणाचा. झाकणाच्या रबराला चीर आहे का, ते बघायला मिनिटही लागत नाही. पर्ज व्हॉल्व्ह वीज नसताना बंद असतो. थंड इंजिन सुरू करा, कॅनिस्टरकडून येणारी नळी व्हॉल्व्हवरून काढा आणि व्हॉल्व्हच्या त्या तोंडावर बोट ठेवा. बोट ओढलं गेलं, तर व्हॉल्व्ह बहुधा उघडाच अडकलाय. पेट्रोल भरल्यावर गाडी चालू व्हायला त्रास देत असेल, तर संशय आणखी बळावतो.

झाकण बदलूनही दिवा विझला नाही, म्हणजे दोष दुसरीकडे, असं काही जण म्हणतात. ते घाईचं आहे. दिवा विझायला गळतीची चाचणी पुन्हा व्हावी लागते, आणि ती गाडी ठरावीक परिस्थितीतच घेते. टाकी काठोकाठ भरलेली किंवा जवळपास रिकामी असेल तर घेतच नाही. धुराच्या मशीनशिवाय गळती शोधणं जमणार नाही, हा आक्षेप मात्र अर्धा खरा आहे. पी०४५६ या कोडची अर्ध्या मिलिमीटरची गळती बोटाने सापडत नाही, तिथे गॅरेज गाठावंच. कॉम्प्रेसरची हवा टाकीत मारणं मात्र धोक्याचं, ते कधीच करू नका.