जुन्या अ‍ॅम्प्लिफायरची नाडीपरीक्षा



शाळेच्या सामानखोलीत किंवा देवळाच्या ओवरीत कधी कधी एखादा जुना, व्हॉल्व्हचा अ‍ॅम्प्लिफायर धूळ खात पडलेला असतो. एके काळी त्याच्यावर झेंडावंदनाची भाषणं झाली, कीर्तनं झाली. मग एक दिवस त्यातून जळका वास आला. मिस्त्रीनं जळलेला भाग बदलला. पेटी चार दिवस चालली आणि पुन्हा तोच भाग जळला. शेवटी ‘हिचं आयुष्य संपलं’ म्हणून ती कोपऱ्यात गेली. पुष्कळदा आयुष्य संपलेलं नसतं. जळतं एका ठिकाणी आणि दुखणं असतं दुसऱ्याच ठिकाणी. ते कसं ओळखायचं, एवढंच आज पाहू.

उदाहरणाला एक नामांकित यंत्र घेऊ. इंग्लंडातल्या हंटिंग्डन गावी पीटर वॉकर यांच्या कारखान्यानं १९५३ साली ‘क्वाड-२’ नावाचा अ‍ॅम्प्लिफायर बाजारात आणला. १९६७ पर्यंत तो बनत होता. त्याची ताकद अवघी १५ वॅट. आज तुम्ही म्हणाल, एवढ्यानं काय होणार? पण घरातल्या ऐकण्याला ती भरपूर होती, आणि आवाज इतका स्वच्छ की जाणकार आजही ती जुनी यंत्रं दुरुस्त करून वापरतात.

या स्वच्छतेची कारणं दोन. पहिलं म्हणजे शेवटचे दोन मोठे व्हॉल्व्ह. त्यांचं नाव केटी-६६. जात्यावर समोरासमोर बसलेल्या दोघी आठवा. एक ओढते तेव्हा दुसरी ढकलते, आणि जातं सारखं फिरतं. हे दोन व्हॉल्व्ह तसेच आळीपाळीनं जोर लावतात. दोघांचा स्थिर प्रवाह सारखा असला, की ट्रान्सफॉर्मरच्या लोखंडावर त्याचा परिणाम एकमेकांना छेदून जातो आणि घरघरही बरीचशी मिटते. एकीचा हात जड झाला, की जातं अडखळलंच म्हणून समजा.

दुसरं कारण म्हणजे ऋण प्रतिपोषण. ही युक्ती अमेरिकेतल्या हॅरल्ड ब्लॅक यांना १९२७ साली सुचली. बाहेर पडणाऱ्या आवाजाचा थोडा अंश उलट करून परत आत द्यायचा, म्हणजे यंत्र आपली चूक आपणच कमी करतं. मुलगा पाढे म्हणतो आणि गुरुजी जागच्या जागी सुधारतात, तसंच हे.

पण यातच एक मेख आहे. सुधारणारे गुरुजी हुशार असले, की मुलगा किती कच्चा आहे हे बाहेर कळतच नाही! एक व्हॉल्व्ह थकत चालला तरी प्रतिपोषण ते झाकून नेतं. कानाला फरक लागेपर्यंत आत पुष्कळ नुकसान झालेलं असतं. म्हणून ‘आवाज तर ठीक येतोय’ यावर विसंबून चालत नाही. मीटर लावावाच लागतो.

आता दुखण्याकडे वळू. क्वाड-२ मध्ये दोन्ही केटी-६६ च्या कॅथोडांना मिळून १८० ओहमचा एकच रेझिस्टर आहे. त्याच्यावर साधारण २६ व्होल्ट दिसतात. ओहमचा नियम लावा: २६ भागिले १८०, म्हणजे सुमारे १४४ मिलिअँपिअर. प्रत्येकाच्या वाट्याला ७२ आले. त्या रेझिस्टरमध्ये पावणेचार वॅट उष्णता सतत तयार होते. म्हणूनच तो कालांतरानं काळवंडतो, आणि मिस्त्री पहिल्यांदा तोच बदलतो.

खरा चोर मात्र बहुधा वेगळा असतो. प्रत्येक केटी-६६ च्या ग्रिडच्या आधी ०.१ मायक्रोफॅरडचा एक कपॅसिटर आहे. त्याचं काम पडद्यासारखं. आवाज पलीकडे जावा, माणूस जाऊ नये. म्हणजे ध्वनीची लहर जावी, आधीच्या व्हॉल्व्हचा स्थिर दाब जाऊ नये. जुना झाला, की हा कपॅसिटर गळू लागतो. गळती किती म्हणाल, तर फक्त ५ मायक्रोअँपिअर धरा. ग्रिडला ६८०,००० ओहमचा रेझिस्टर आहे. दोहोंचा गुणाकार ३.४ व्होल्ट. जिथं शून्य असायला हवं तिथं धन ३.४ व्होल्ट आले, की तो व्हॉल्व्ह जादा प्रवाह ओढतो. रेझिस्टर सामाईक असल्यामुळे कॅथोडचा दाब वाढतो आणि दुसरा बिचारा आखडता हात घेतो. एकूण आकडा फारसा हलत नाही, पण एक व्हॉल्व्ह भाजत असतो. त्याची आतली पट्टी अंधारात लाल दिसू लागली, की समजावं, आता ट्रान्सफॉर्मरची पाळी आहे. आणि तो जळला तर तसाच पुन्हा मिळणं महाकठीण.

परीक्षा सोपी आहे. केटी-६६ ची पाच नंबरची पिन आणि चासी यांच्यामधला दाब मोजावा. तो शून्याजवळ हवा. एखादा व्होल्ट जरी धन दिसला तरी संशय घ्यावा. मग यंत्र बंद करून, पूर्ण थंड झाल्यावर, दोन्ही व्हॉल्व्हची अदलाबदल करावी. दोष त्याच जागी राहिला तर कपॅसिटर गळतोय. व्हॉल्व्हबरोबर दुसऱ्या जागी गेला तर व्हॉल्व्ह खराब आहे. कपॅसिटर बदलताना दोन्ही बदलावेत, ६३० व्होल्टचे घ्यावेत. कॅथोडचा रेझिस्टर १० वॅटचा बसवावा.

पण थांबा. पेटी उघडण्याआधी चार गोष्टी मनावर कोरून ठेवा. आत सव्वातीनशे व्होल्टच्या वर दाब असतो, आणि प्लग काढल्यावरही तो कपॅसिटरमध्ये साठून राहतो. माणूस मरायला तेवढा पुरे. हे काम जाणत्या मिस्त्रीचंच आहे. मुलांना जवळ येऊ देऊ नये. पेटीला अर्थिंग पक्कं असावं. वर्षानुवर्षं बंद असलेलं यंत्र थेट विजेवर लावू नये; १०० वॅटच्या तारेच्या बल्बचा सिरीज बोर्ड मध्ये घ्यावा. तिथं एलईडी बल्ब चालत नाही. बल्ब थोडासा पेटेल, पण पूर्ण प्रकाशानं पेटून राहिला तर लगेच बंद करावं. आणि स्पीकर जोडल्याशिवाय यंत्र कधीही चालवू नये.

शिक्षक मंडळींना एक सुचवावंसं वाटतं. ओहमचा नियम शिकवताना २६, १८० आणि ६८०,००० हे आकडे फळ्यावर मांडा. पेटी उघडायची गरज नाही. पाच मायक्रोअँपिअरची गळती एवढं मोठं यंत्र कसं जाळते, हे मुलं स्वतः गुणाकार करून काढतील, आणि नियम त्यांच्या कायमचा लक्षात राहील.

तुमच्या गावच्या पेटीत आकडे वेगळे असतील, व्हॉल्व्हही वेगळे असतील. पण रीत हीच: जळलेला भाग बदलण्याआधी तो का जळला, हे मिस्त्रीला विचारा. उत्तर मिळाल्याशिवाय वीज जोडू देऊ नका.