दुसरा कोण? : बाद पद्धतीतील मानांकनाचे गणित

नोव्हेंबर २०२३ मध्ये आमच्या जिल्ह्याच्या गावी, धाराशिवला, महाराष्ट्र केसरी स्पर्धा भरली. अंतिम कुस्तीत शिवराज राक्षे याने हर्षवर्धन सदगीर याला हरवून गदा पटकावली. दोघांनीही हा किताब पूर्वी मिळवलेला होता. या स्पर्धेत गादी आणि माती असे दोन विभाग असतात आणि दोन्हींचे विजेते शेवटी भिडतात. हे दोघे एकाच विभागात असते, तर अंतिम कुस्तीत त्यांची गाठ पडलीच नसती. एकजण आधीच घरी गेला असता. त्याचे बळ तेवढेच राहिले असते, पण उपविजेता म्हणूनही त्याचे नाव उरले नसते. हा फरक ताकदीचा नसून मांडणीचा असतो.

बाद पद्धतीचा हिशेब सरळ आहे. प्रत्येक लढतीत एक गळतो. म्हणून सोळा खेळाडूंना पंधरा लढती पुरतात. सर्वोत्तम खेळाडू कुठेही ठेवा, तो आपल्या लौकिकाप्रमाणे खेळला तर पहिलाच येतो. घोळ दुसऱ्या क्रमांकाचा. आठ जणांच्या जोड्या चिठ्ठ्या टाकून लावल्या, तर पहिल्याची जागा ठरल्यावर सात जागा उरतात. त्यांतल्या तीन त्याच्याच अर्ध्या भागात, चार पलीकडच्या. दुसरा खेळाडू पलीकडे पडला तरच अंतिम फेरी गाठणार. म्हणजे सातांत चार शक्यता. बत्तीस खेळाडू असतील, तर एकतीसांत सोळा. जवळपास नाणेफेकच! लॉन टेनिसच्या स्पर्धांतील हा अन्याय १८८३ मध्ये लुईस कॅरॉलने दाखवून दिला होता. ‘ॲलिस’चा हा लेखक ऑक्सफर्डला गणित शिकवत असे.

यावरचा उपाय म्हणजे मानांकन. आठ जणांत पहिल्यासमोर आठवा, दुसऱ्यासमोर सातवा, तिसऱ्यासमोर सहावा, चौथ्यासमोर पाचवा. प्रत्येक जोडीची बेरीज नऊ. अंदाज खरे ठरले तर पुढच्या फेरीत बेरीज पाच येते आणि अंतिम फेरीत तीन. पहिला आणि दुसरा विरुद्ध टोकांना राहतात. खेळाडू अकराच असतील, तर सोळाच्या तक्त्यात पाच जागा रिकाम्या राहतात आणि वरच्या पाच जणांना पुढे चाल मिळते. विम्बल्डनने गुणवत्तेनुसार मानांकन १९२७ पासून स्वीकारले.

जत्रेच्या फडात मात्र नेमके उलटे चालते. तिथे जाणकार मंडळी तोडीस तोड जोड लावतात, कारण प्रत्येक कुस्ती रंगायला हवी. मानांकन सुरुवातीला मुद्दाम विजोड जोड्या लावते आणि चांगल्या लढती शेवटासाठी राखून ठेवते. त्याची किंमत कोण मोजतो? ज्याच्या नावापुढे क्रमांक नाही, तो. क्रमांक मिळतो मागच्या स्पर्धांवरून, आणि त्या स्पर्धांना जायला प्रवासखर्च लागतो, खुराक लागतो, घरची सुगी सोडून जाता यावे लागते. ज्याला हे जमले नाही, तो अंगात बळ असूनही पहिल्याच फेरीत अव्वल खेळाडूसमोर उभा राहू शकतो. अशा वेळी मानांकन कालची संधी मोजते आणि तिला आजची गुणवत्ता म्हणते.

म्हणून मानांकन टाकून द्यावे असे नाही. चिठ्ठ्या निष्पक्ष असतात, पण आंधळ्या असतात. मानांकनाला डोळे असतात, पण ते मागे पाहतात. टेनिसच्या मोठ्या स्पर्धांनी दोन्हींची सांगड घातली आहे. एकेरीच्या १२८ खेळाडूंपैकी ३२ जणांना मानांकन मिळते आणि उरलेल्यांच्या जागा चिठ्ठ्यांनी ठरतात. तालुक्याच्या कबड्डी, कॅरम वा बॅडमिंटन स्पर्धेलाही हे सहज जमेल. निकष आधी जाहीर करावा, दोन किंवा चार जणांनाच मानांकन द्यावे आणि बाकीच्या चिठ्ठ्या सर्वांसमक्ष काढाव्यात. हरलेल्याला निदान एवढे तरी कळावे, की आपण खेळात हरलो; कागदावर नव्हे.