माळढोकाचे माळरान

ज्या जमिनीत पीक नाही आणि झाडही नाही, तिला आपण सहज 'पडीक' म्हणून मोकळे होतो. सोलापूरजवळील नान्नजचा माळ वरवर पाहता असाच आहे. परंतु कुसळी, पवना, मारवेल अशा गवतांच्या या राज्यात काळवीट चरतात, लांडगे व खोकड वावरतात. आणि माळढोक या दुर्मिळ पक्ष्याचेही हे जुने घर होय.

माळढोक सुमारे मीटरभर उंच असतो. नराचे वजन १५ किलोपर्यंत भरते. मादी उघड्या जमिनीवर बहुधा एकच अंडे घालते. ते गुरांच्या पायाखाली गेले, की त्या घरट्याची आशा संपली! शिवाय याचे डोळे मस्तकाच्या दोन्ही बाजूंस असल्याने समोरची वीजवाहक तार त्याला वेळेवर दिसत नाही, आणि जड देहामुळे झटकन वळताही येत नाही.

त्याच्या रक्षणार्थ १९७९ साली सोलापूर व त्या वेळच्या अहमदनगर जिल्ह्यांत ८,४९६ चौरस किलोमीटरचे अभयारण्य जाहीर झाले. त्यात गावे आणि शेतेही आली. जमिनीच्या व्यवहारांवर बंधने पडताच शेतकऱ्यांच्या मनात पक्ष्याविषयी कटुता आली. पुढे हे क्षेत्र सुमारे १,२२२ चौरस किलोमीटरवर आणावे लागले. लोकांची साथ नसेल, तर नुसत्या सीमारेषेने पक्षी वाचत नाही, हाच याचा बोध.

पक्षी वाचवायचा तर त्याची नोंद हवी. पावसाळ्यात नर गळ्याची पिशवी फुगवून घुमतो, तेव्हा तो दुरूनही ओळखता येतो. पाणवठ्यालगतच्या आडोशात बसून निरीक्षक तारीख, वेळ, संख्या टिपतात. अशा नोंदी वर्षानुवर्षे जुळल्या, म्हणजे ऱ्हासाची चाहूल लागते.

आज निसर्गात माळढोक साधारण दीडशेच उरले आहेत, आणि तेही बहुतेक राजस्थानात. जैसलमेर जिल्ह्यात रानातील अंडी उबवून पिले वाढविण्याचे काम २०१९ पासून चालू आहे. मात्र पिले वाढली, तरी त्यांना सोडावयास मोकळे माळ हवेत.

बंगळूरच्या जे. पी. नगरातील आमच्या वाचकांना शहराच्या उत्तरेस हेसरघट्ट्याचे गवताळ रान पाहता येईल. हिवाळ्यात तेथे भोवत्या पक्षी दूरदेशाहून येतात. एखाद्या सकाळी मुलांना घेऊन जावे, दिसेल ते वहीत टिपावे; आणि परतताना त्या माळाला 'पडीक' म्हणावे काय, हे मुलांनाच विचारावे.