औंध येथील श्रीभवानी संग्रहालय व तेथील पाश्चात्त्य प्रती

औंध (जि. सातारा) येथील श्रीभवानी संग्रहालय आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांनीं पाहिलें असेल. तेथील पाश्चात्त्य कलाकृती पाहतांना पोथ्यांच्या संग्राहकांस उपयोगी पडेल असा एक विचार सुचला, तो येथें मांडीत आहों.

औंधचे अधिपति भवानराव श्रीनिवासराव पंतप्रतिनिधि (१८६८–१९५१) स्वतः चित्रकार होते. मूळपीठाच्या डोंगरावर खास वास्तु बांधून त्यांनीं आपला संग्रह १९३८ सालीं सर्वांस खुला केला. आटपाडी, कुंडल हीं हल्लींच्या सांगली जिल्ह्यांतील गांवें तेव्हां औंध संस्थानांतच होतीं. १९४८ सालीं संस्थान विलीन झालें. १९४९ सालीं दक्षिण सातारा जिल्हा निराळा निघाला व १९६० सालीं त्यास सांगली हें नांव मिळालें. सबब हा संग्रह दोन्ही जिल्ह्यांचा वारसा होय.

येथें रविवर्म्याची ‘सैरंध्री’ आहे, किरातार्जुनीयावरील पहाडी चित्रें आहेत, आणि हेन्री मूर या इंग्रज शिल्पकाराचें ‘माता व बालक’ हें अस्सल शिल्पही आहे. त्यांच्या जोडीला युरोपांतील नामांकित चित्रांच्या व पुतळ्यांच्या प्रतिकृती आहेत. पहिल्या भेटींत ‘या तर नकला’ असें म्हणून आम्ही त्या ओलांडून गेलों. दुसऱ्या भेटींत ती चूक ध्यानांत आली.

नक्कल करणें ही फ्रान्सांत चित्रविद्येची पाठशाळाच होती. पॅरिस येथील लूव्र १७९३ सालीं उघडलें, तेव्हां दहा दिवसांच्या आठवड्यांत पांच दिवस चित्रकारांच्या अभ्यासासाठीं राखून सामान्य जनांस शेवटचे तीनच दिवस दिले होते. पुढें १८७३ सालीं चार्ल्स ब्लां यांनीं तेथें केवळ प्रतिकृतींचें संग्रहालय स्थापिलें. तें अल्पायुषी ठरलें. परंतु ज्यास रोम वा फ्लॉरेन्स गांठणें शक्य नाहीं त्यास तेथील कृतींचें दर्शन घडावें, हा त्यामागील हेतु औंधासही लागू पडतो.

भांडारकर संस्थेनें १९१९ सालीं आरंभिलेल्या व १९६६ सालीं पूर्ण झालेल्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीस आश्रय देणारे हेच भवानराव. व्यासांची मूळ पोथी कोणीं पाहिली? तेथें सर्व भिस्त प्रतींवर. चित्राचें मूळ बहुधा विद्यमान असतें, म्हणून त्याच्या प्रतीस तितकें प्रामाण्य नाहीं, हें मान्य केलें पाहिजे. तथापि मूळ त्या काळीं कोणत्या स्थितींत होतें, कोणती कृति अनुकरणीय वाटली आणि नकलकाराचा हात कसा होता, या तीन गोष्टींस प्रतच साक्षी असते.

म्हणून संग्राहकांस विनंति कीं, पोथी हातीं येतांच आपण पुष्पिका पाहतों, लेखक, शक व स्थळ शोधतों, तद्वत् येथेंही चित्राचा कोपरा व पुतळ्याची बैठक पाहावी; चौकटीची पाठ पाहणें झाल्यास अधिकाऱ्यांची अनुज्ञा घ्यावी. मूळ कोठें आहे, प्रत कोणाची व केव्हांची, माप व रंग यांत भेद कोणता, हें टिपून ठेवावें. अस्सल व नक्कल हा भेद लपविल्यानें संग्रहाची प्रतिष्ठा वाढत नाहीं. तो नीट नोंदल्यानें मात्र नक्कलही साधन ठरते.