पृथ्वीचे स्पंदन वाढल्याची अफवा

गेली काही वर्षे व्हॉट्सॲपवरून एक मजकूर हातोहात फिरत आहे: पृथ्वीचे स्पंदन पूर्वी ७.८३ हर्ट्झ होते, ते वाढून १३ वर, कोणाच्या मते ४० वर गेले, आणि म्हणूनच २४ तासांचा दिवस हल्ली १६ तासांचा भासतो. चांगली शिकलीसवरलेली माणसेही तो शहानिशा न करता पुढे धाडतात याचा विषाद वाटतो, कारण या अफवेपायी विजांच्या अभ्यासाचे एक मोलाचे साधन भोंदूंच्या हाती लागले आहे.

भूपृष्ठ आणि वातावरणाच्या वरच्या भागातील आयनांबर हा थर, हे दोन्ही विद्युत्‌वाहक असल्यामुळे विजेच्या प्रत्येक लोळातून निघालेल्या अतिमंद वारंवारतेच्या विद्युत्‌चुंबकीय लहरी त्यांच्यामधील पोकळीत कोंडल्या जातात. प्रकाशाच्या वेगाने धावणारी लहर ४०,००० किलोमीटरांच्या परिघाभोवती सेकंदाला सुमारे साडेसात प्रदक्षिणा घालते, आणि ज्या लहरींची लांबी या परिघाशी जुळते त्याच एकमेकींना बळ देत टिकतात. म्युनिकच्या विनफ्रीड ओटो शुमान यांनी १९५२ साली हा अनुनाद गणिताने मांडला. १९६० साली बाल्सर व वॅग्नर यांनी तो मोजून दाखवला. मूळ अनुनाद सुमारे ७.८ हर्ट्झचा (अफवेतले ‘स्पंदन’ ते हेच), त्यावरचे सुमारे १४ आणि २० हर्ट्झचे.

आता १३ चा दावा तपासावा. आयनांबर सर्वस्वी निर्दोष वाहक असते, तरी मूळ वारंवारता गणिताने १०.६ हर्ट्झच आली असती. प्रत्यक्षात ऊर्जेचा ऱ्हास होतो म्हणून ती ७.८ वर येते. तेव्हा १३ चा आकडा गाठण्यासाठी पृथ्वीच आकाराने लहान व्हावी लागेल! घागरीवर जोराने टिचकी मारली तर नाद मोठा होतो, त्याची पट्टी बदलत नाही; तसेच विजा वाढल्या तरी तीव्रता वाढते, वारंवारता नव्हे. दिवसरात्रीच्या फेऱ्याने किंवा सौरज्वालांनी वारंवारतेत फरक पडतो खरा, पण तो हर्ट्झच्या काही दशांशांचा.

४० चा आकडा तर निव्वळ आलेख वाचता न आल्याचा परिणाम होय. रशियातील तोम्स्क येथील ज्या रंगीत चित्राचा दाखला दिला जातो, त्याच्या उभ्या अक्षावर ० ते ४० हर्ट्झ, आडव्यावर तास, आणि रंगांत तीव्रता दाखवलेली असते. तळापासून माथ्यापर्यंत पांढरा पट्टा उमटला, की सर्व वारंवारतांवर एकदम गोंगाट झाला, बहुधा जवळच वीज कडाडली किंवा उपकरणात अडथळा आला, एवढाच त्याचा अर्थ. अक्ष जिथे संपतो तो आकडा म्हणजे पृथ्वीचे स्पंदन नव्हे.

खरे बदलते ती तीव्रता, आणि तिथेच या विद्येचे सार आहे. उपग्रहाच्या नोंदींवरून २००३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार जगात सेकंदाला सरासरी ४४ विजा चमकतात. आपल्या घड्याळाने दुपारी दीडच्या सुमारास आग्नेय आशिया, सायंकाळी साडेसातला आफ्रिका आणि मध्यरात्रीनंतर दीडला अमेरिका खंड असा त्यांचा जोर सरकत जातो. ही चढउतार एखाद्या निवांत जागी, विजेच्या तारांपासून दूर पुरलेल्या तांब्याच्या वेटोळ्यांतून टिपता येते. संकेत जेमतेम एक पिकोटेस्लाचा, पृथ्वीच्या चुंबकक्षेत्राच्या कोट्यंशाहूनही क्षीण. हंगेरीतील नाग्यसेंक येथे १९९३ पासून अशा नोंदी चालू आहेत. आपल्याकडे पनवेलच्या भारतीय भूचुंबकत्व संस्थेने शिलाँग येथे निरीक्षणे केली आहेत. उष्ण कटिबंधातील तापमान आणि या अनुनादाची तीव्रता यांचा मेळ अर्ल विल्यम्स यांनी १९९२ साली ‘सायन्स’मध्ये दाखवला, तेव्हापासून हवामानबदलाच्या अभ्यासालाही याचे महत्त्व आले.

उरलेल्या समजुतींना एकेक ओळ पुरे. हा ध्वनी नव्हे, त्यामुळे तो कोणी ऐकला हे म्हणणे व्यर्थ. मेंदूच्या अल्फा तरंगांची वारंवारता याच्या आसपास येते, एवढ्यावरून कार्यकारणसंबंध सिद्ध होत नाही. ७.८३ हर्ट्झचे यंत्र उशाशी ठेवल्याने रोग बरे होतात याला पुरावा नाही. दिवसाची लांबी आण्विक घड्याळांनी मोजतात; तिच्यातला फरक मिलिसेकंदांचा असतो, तासांचा नव्हे.

असा मजकूर पुन्हा आलाच, तर त्यात सांगितलेला बदल वारंवारतेचा आहे की तीव्रतेचा, एवढे पाहावे, आणि वारंवारतेचा असेल तर तो पुढे धाडू नये, ही वाचकांना विनंती.