झाडपाला आणि पुरावा

काष्टीच्या बाजारात बैल घेणारा शेतकरी आधी दात पाहतो, चालवून पाहतो, मगच सौदा करतो. पण घरात कर्करोग निघाला, की तोच शहाणा माणूस ऐकीव काढ्यावर हजारो रुपये घालतो. त्याला अडाणी म्हणून हिणवणे आम्हास मान्य नाही. भय आणि खर्चाची धास्ती त्याला तेथे नेतात. तरीही बैलाला जी परीक्षा, ती औषधाला का नसावी?

नोव्हेंबर २०२४ मध्ये माजी क्रिकेटपटू नवज्योतसिंग सिद्धू यांनी पत्नीच्या कर्करोगमुक्तीचे श्रेय हळद, कडुनिंब व पथ्याला दिले. त्यावर मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयातील २६२ आजी-माजी तज्ज्ञांनी पत्रक काढले: याला भरवशाचा पुरावा नाही, त्यापायी उपचार लांबवू नका. त्या बाईंवर शस्त्रक्रिया व केमोथेरपीही झाली होती. मग गुण कशाचा, हे एका रुग्णावरून कसे ठरावे? सारख्या स्थितीतील रुग्णांचे दोन गट करावेत, नेहमीचे उपचार दोघांनाही द्यावेत, काढा मात्र एकासच द्यावा आणि परिणाम ताडून पाहावा, ही खरी परीक्षा. हळदीतील कर्क्युमिन प्रयोगशाळेत कर्कपेशी मारते; परंतु पोटातून रक्तात फारच थोडे उतरते.

डॉक्टर झाडपाल्याचे वैरी आहेत, हा समजही खोटा. अंगणातली सदाफुली पाहा. मधुमेहावरील औषध म्हणून कॅनडातील संशोधकांनी तिची पाने तपासली. साखर उतरली नाही, पण रक्तातील पांढऱ्या पेशी घटल्या. त्यातून १९५८ साली व्हिन्ब्लास्टिन हाती आले. तिच्यातलेच व्हिन्क्रिस्टिन आज मुलांच्या रक्ताच्या कर्करोगावर देतात. पण शुद्ध करून, मोजून, शिरेतून. पाने चघळणे विषारी ठरते.

अमेरिकेत २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत, शरीरात दूरवर न पसरलेल्या कर्करोगावर केवळ पर्यायी उपचार घेणाऱ्यांच्या मृत्यूचा धोका अडीच पट आढळला. रोग वाढण्यास दिलेली सवड महागात पडते.

म्हणून आमचे सांगणे एवढेच. भाजीतल्या हळदीला हरकत नाही. पण कर्क्युमिनच्या गोळ्यांनी यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत, तेव्हा कोणतेही चूर्ण वा गोळी डॉक्टरांपासून लपवू नये. योगासनांनी थकवा व चिंता हलकी होते. ती उपचाराच्या जोडीला असावीत, जागी नव्हेत. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत कर्करोगाचे अनेक उपचार येतात. रुग्णालयात आधी तिची चौकशी करावी. आणि आजारी सोबत्याला रजा मिळवून देणे, त्याच्याबरोबर दवाखान्यात जाणे, हे आम्हा संघटनेच्या माणसांचे काम आहे. सोबत असली, की माणूस उपचार अर्धवट टाकत नाही.